धरण भरलेलं, नळ कोरडा
खेळातलं राजकारण खेळाडूपर्यंत कसं पोहोचतं?

संग्रामपूर तालुक्यात पहाटे कुठल्याही डांबरी रस्त्याला लागा, धावणारी मुलं-मुली दिसतील. कुणी पोलीस भरतीची तयारी करतंय, कुणी सैन्याची. त्यांच्यातल्या काहींच्या मनात आणखी एक हिशेब असतो. कबड्डी, कुस्ती किंवा मैदानी खेळात तालुका जिंकायचा, मग बुलढाण्याला जिल्हा, अमरावतीला विभाग आणि जमलंच तर राज्य. वर चढत गेलं की हातात प्रमाणपत्र येतं. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांमध्ये खेळाडूंसाठी ५ टक्के जागा राखीव आहेत. बापाकडे दोन एकर कोरडवाहू असेल, तर त्या कागदाचं मोल काय असतं हे वेगळं सांगायला नको.

पण हा कागद नुसता जिंकून चालत नाही, तो पडताळणीत टिकावा लागतो. स्पर्धा कोणी भरवली, त्या संघटनेला मान्यता होती का, हे तिथे तपासलं जातं. मान्यता नसेल तर मैदानावर गाळलेला घाम खरा असूनही कागद खोटा ठरतो.

आता हाच प्रश्न जगाच्या मैदानावर नेऊन बघा. नोव्हेंबर २०१९ मध्ये बँकॉकला आशियाई तिरंदाजी स्पर्धा झाली. अभिषेक वर्मा आणि ज्योती सुरेखा वेन्नम या जोडीने कंपाऊंड मिश्र गटात सुवर्ण जिंकलं. खेळाडू भारताचे, प्रशिक्षक भारताचे, खर्च भारताचा. तरीही त्या स्पर्धेत त्यांच्या नावापुढे भारताचा झेंडा नव्हता. ते जागतिक तिरंदाजी संघटनेच्या झेंड्याखाली खेळत होते. पुढच्याच महिन्यात नेपाळमध्ये दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धा झाल्या. तिथे तर भारतीय तिरंदाज उतरूच शकले नाहीत आणि तिरंदाजीची दहाच्या दहा सुवर्णपदकं बांगलादेशाने नेली.

या खेळाडूंनी काय चूक केली होती? काहीही नाही. भांडण दिल्लीतल्या खुर्च्यांचं होतं. मग त्याची शिक्षा बँकॉकच्या मैदानावर उभ्या असलेल्या तिरंदाजाला का झाली?

एकच पाइप, एकच व्हॉल्व्ह

याचं उत्तर समजायला संग्रामपूरकरांना लांब जावं लागणार नाही. हा तालुका पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात येतो. विहिरीला पाणी लागतं, पण ते खारट. म्हणून वान धरणातून नळयोजनेने येणारं गोडं पाणी हाच गावांचा आधार. धरण भरलेलं असलं तरी मधला व्हॉल्व्ह बंद असेल, तर गावचा नळ कोरडाच राहतो. दुसरी विहीर खणून भागत नाही, कारण तिचंही पाणी खारटच.

खेळाची रचना नेमकी अशीच आहे. गावचा क्लब किंवा तालीम, त्यावर जिल्हा संघटना, मग राज्य संघटना, मग राष्ट्रीय महासंघ आणि सर्वांत वर आंतरराष्ट्रीय महासंघ. एका देशातून एका खेळासाठी एकच राष्ट्रीय महासंघ मान्य करायचा, हा जगभरचा नियम आहे. जागतिक स्पर्धेत खेळाडू सहसा स्वतः नाव नोंदवू शकत नाही. तो अर्ज राष्ट्रीय महासंघाकडूनच जावा लागतो. जगातला उत्तम नेमबाज असलात, तरी महासंघाने यादीत नाव घातलं नाही तर तुम्ही प्रेक्षक.

एकच पाइप ठेवण्यामागे कारण आहे. एका देशाचे चार संघ चार बाजूंनी आले तर खरा कोणता, हे कोण ठरवणार? नियम एक, क्रमवारी एक, निवड एक असावी म्हणून हा पाइप एक आहे. पण त्यातूनच दुसरी गोष्टही जन्माला येते. ज्याच्या हाती व्हॉल्व्हची चावी, त्याच्या हाती सगळ्या खेळाडूंचं नशीब. सत्तेची आवड असलेल्या माणसाला ही चावी दिसणारच.

चावी नेत्यांच्या हाती कशी जाते?

राज्यातल्या दोन निवडणुका आठवा. २००१ मध्ये मुंबई क्रिकेट असोसिएशनच्या अध्यक्षपदासाठी शरद पवार आणि अजित वाडेकर समोरासमोर होते. वाडेकर म्हणजे १९७१ मध्ये वेस्ट इंडीज आणि इंग्लंडमध्ये मालिका जिंकणारे कर्णधार. पवार जिंकले. २०११ मध्ये त्याच पदासाठी विलासराव देशमुख आणि माजी कर्णधार दिलीप वेंगसरकर यांच्यात लढत झाली. देशमुख तेव्हा केंद्रात मंत्री होते. तेच जिंकले.

हा योगायोग नाही, खेळातल्या निवडणुकीची रचनाच तशी आहे. या निवडणुकीत बहुतेक मतदार खेळाडू नसतात. मुंबईत मुख्यतः क्लब मत देतात, राष्ट्रीय महासंघात राज्य संघटना मत देतात आणि राज्य संघटनेत जिल्हे. म्हणजे मत पदाधिकाऱ्याचं असतं. पदाधिकाऱ्याला काय हवं असतं? मैदानासाठी जागा, स्पर्धेसाठी पैसा, मंडपाची परवानगी, पोलीस बंदोबस्त, पाहुण्यांची सोय. यातलं बहुतेक मंत्र्याच्या एका फोनवर होतं. माजी कर्णधाराच्या फोनवर होईलच असं नाही. सोसायटीच्या निवडणुकीत कोण निवडून येतो हे ज्याने गावात पाहिलंय, त्याला हे गणित लगेच उमजेल.

फुटबॉलचं उदाहरण तर आणखी ठळक आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची निवडणूक झाली. एका बाजूला भारताचा गाजलेला फुटबॉलपटू बायचुंग भुतिया, दुसऱ्या बाजूला माजी गोलरक्षक आणि भाजपचे नेते कल्याण चौबे. मतं पडली ३३ विरुद्ध १. भुतियांच्या बाजूने एकच.

हा आजार कुठल्या एका पक्षाचा नाही. तिरंदाजी महासंघाचं अध्यक्षपद भाजपचे विजयकुमार मल्होत्रा यांच्याकडे जवळपास चार दशकं होतं. काँग्रेसचे पुण्याचे खासदार सुरेश कलमाडी १९९६ पासून पंधराएक वर्षं भारतीय ऑलिम्पिक संघटनेचे अध्यक्ष होते. आपल्याच विदर्भातले, गोंदियाचे प्रफुल्ल पटेल राष्ट्रवादीचे नेते असताना बारा वर्षांहून अधिक काळ फुटबॉल महासंघ सांभाळत होते. कबड्डी महासंघावर राजस्थानातले काँग्रेसनेते जनार्दनसिंह गेहलोत यांनी २८ वर्षं काढली. त्यांच्यानंतर अध्यक्षपदी त्यांच्या पत्नी आल्या आणि ते स्वतः आजन्म अध्यक्ष झाले. २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दोन्ही नेमणुका रद्द केल्या.

नेत्यांनी खेळाला काहीच दिलं नाही का?

दिलं, आणि ते नाकारणं खोटेपणाचं होईल. मुंबईचं वानखेडे स्टेडियम ज्यांच्या नावाने ओळखलं जातं, ते शेषराव वानखेडे विदर्भातले राजकारणी होते. त्यांनी पुढाकार घेतला नसता तर १९७५ च्या जानेवारीत तिथे पहिली कसोटी झाली नसती. पुण्याजवळ बालेवाडीची क्रीडानगरी १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी उभी राहिली, ती सरकारच्या इच्छेनेच. कुस्तीच्या आखाड्याला, कबड्डीच्या मॅटला, जिल्ह्यातल्या स्पर्धेला आमदार-खासदारांनी हात दिल्याची उदाहरणं गावोगाव आहेत.

याची उलट बाजूही इतिहासात आहे. १९५२ मध्ये हेलसिंकी ऑलिम्पिकला जाण्यासाठी मल्ल खाशाबा जाधवांना पैशासाठी दारोदार फिरावं लागलं. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. सरकारने खेळाडूकडे वेळेवर पाहिलं नाही, तर एका मास्तराला आपलं घर पणाला लावावं लागतं.

म्हणून मदत आणि हस्तक्षेप यांतला फरक नीट समजून घ्यायला हवा. धरण बांधायला, पाइप टाकायला सरकार हवंच. पण कोणत्या घराच्या नळाला पाणी सोडायचं हे पुढाऱ्याने ठरवू नये. मैदान, पैसा, प्रशिक्षक देणं ही मदत. निवड कोणाची, पंच कोण, स्पर्धा कोणाच्या गावात, तक्रार ऐकायची की दाबायची, हे पक्षाच्या किंवा खुर्चीच्या हिशेबाने ठरू लागलं की तो हस्तक्षेप.

वरचा व्हॉल्व्ह: बंदी कशी येते?

ऑलिम्पिकच्या सनदेत एक अट आहे. प्रत्येक देशाच्या ऑलिम्पिक समितीने आपली स्वायत्तता जपायची, सरकारी किंवा राजकीय दबावाखाली यायचं नाही. स्वायत्तता म्हणजे आपलं घर आपल्या नियमांनी चालवण्याचा हक्क. आंतरराष्ट्रीय महासंघांचे नियमही असेच आहेत. सरकारने, न्यायालयाने किंवा कोणा तिसऱ्याने कारभार हाती घेतला, किंवा एकाच देशात दोन गट 'आम्हीच खरे' म्हणून उभे राहिले, तर वरून व्हॉल्व्ह बंद होतो. यालाच निलंबन म्हणतात.

आपल्याकडे याची साखळी बहुतेक वेळा एकाच चालीने चालते. आधी कोणीतरी खुर्चीला चिकटून राहतो आणि निवडणूक लांबवतो. मग विरोधी गट न्यायालयात जातो. न्यायालय नाइलाजाने प्रशासक नेमतं. प्रशासक आला की आंतरराष्ट्रीय महासंघ म्हणतो, हा बाहेरचा हस्तक्षेप झाला. बंदी येते. या चार पायऱ्यांत खेळाडू कुठेच नसतो, पण पाचव्या पायरीवर दंड त्याच्याच डोक्यावर पडतो.

फुटबॉलमध्ये नेमकं हेच झालं. मुदत संपूनही निवडणूक झाली नाही, म्हणून मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रशासकांची समिती नेमली. १५ ऑगस्टला जागतिक फुटबॉल संघटना 'फिफा'ने भारताला निलंबित केलं. त्या वेळी गोकुलम केरळचा महिला संघ आशियाई क्लब स्पर्धेसाठी उझबेकिस्तानात ताश्कंदला पोहोचला होता. मुली सामान घेऊन परदेशी उतरल्या होत्या, पण त्यांना मैदानात पाय ठेवता आला नाही. भारतात होणारी सतरा वर्षांखालील मुलींची विश्वचषक स्पर्धाही हातची जायची वेळ आली होती. ११ दिवसांनी बंदी उठली, विश्वचषक वाचला आणि त्याचे सामने भुवनेश्वर, गोवा आणि नवी मुंबईत झाले. गोकुलमच्या मुलींची स्पर्धा मात्र गेली ती गेलीच.

डिसेंबर २०१२ मध्ये तर सगळी भारतीय ऑलिम्पिक संघटनाच निलंबित झाली होती. फेब्रुवारी २०१४ मध्ये रशियात सोची इथे हिवाळी ऑलिम्पिक सुरू झालं, तेव्हा भारताचे तीन खेळाडू उद्घाटनाला ऑलिम्पिकच्या झेंड्यामागे चालले. बर्फावरून घसरगाडी हाकणाऱ्या शिवा केशवनची शर्यतही त्याच झेंड्याखाली झाली. ११ फेब्रुवारीला बंदी उठली, तोवर त्याची शर्यत संपली होती.

तिरंदाजीचं प्रकरण आपल्याला अधिक जवळचं आहे. जून २०१९ मध्ये एकाच दिवशी दोन गटांनी दोन शहरांत निवडणुका घेतल्या. महासंघ एक, अध्यक्ष दोन. जागतिक संघटनेने समज दिली आणि ऑगस्टपासून निलंबन लागू केलं. जानेवारी २०२० मध्ये नव्याने निवडणूक झाली, केंद्रीय मंत्री अर्जुन मुंडा अध्यक्ष झाले आणि बंदी उठली. नळ सुरू झाला, पण चावी एका मंत्र्याच्याच हाती गेली, हेही नोंदवून ठेवायला हवं.

आता पुढचं बघा. मे २०२३ मध्ये शांघायच्या विश्वचषकात आपल्या बुलढाण्याच्या १९ वर्षांच्या प्रथमेश जावकरने जगातल्या पहिल्या क्रमांकाच्या माईक श्लोसरला १४९-१४८ असं एका गुणाने हरवून सुवर्ण जिंकलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत प्रथमेश, नागपूरचा ओजस देवतळे आणि अभिषेक वर्मा यांनी दक्षिण कोरियाला नमवून सांघिक सुवर्ण मिळवलं. ते निलंबन २०२३ पर्यंत चाललं असतं, तर बुलढाण्याच्या मुलासाठी तिरंगा वर चढलाच नसता. तीन-चार वर्षांचा फरक, बस्स.

एका राज्यात दोन केसरी

कुस्तीइतका मराठी माणसाच्या काळजाजवळचा दुसरा खेळ नाही. १९६१ पासून महाराष्ट्र केसरीची मानाची लढत होत आली. अनेक दशकं राज्य कुस्तीगीर परिषदेची सूत्रं शरद पवारांच्या नेतृत्वाखाली होती. २०२२ मध्ये भारतीय कुस्ती महासंघाने ही परिषद बरखास्त केली आणि वर्ध्याचे तेव्हाचे भाजप खासदार रामदास तडस यांच्या नेतृत्वाखाली नवी संघटना आली. जुन्या परिषदेने ते मान्य केलं नाही. लढाई न्यायालयात गेली आणि आखाडे दोन झाले.

नोव्हेंबर २०२३ मध्ये काय घडलं ते पाहा. पुण्याजवळ फुलगावला एक महाराष्ट्र केसरी झाली. अंतिम लढतीत सिकंदर शेखने शिवराज राक्षेला हरवलं. त्याच महिन्यात धाराशिवला दुसरी महाराष्ट्र केसरी झाली आणि तिथे शिवराज राक्षे विजेता ठरला. एका महिन्यात तोच पैलवान एकीकडे उपविजेता आणि दुसरीकडे केसरी. २०२५ मध्येही तेच. फेब्रुवारीत अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळ, मार्चमध्ये कर्जतला वेताळ शेळके.

यात पैलवानांचा काडीचाही दोष नाही. त्यांनी समोर आलेला आखाडा खेळला. पण या फुटीने नेमकं काय नासतं?

पहिलं, किताबाचं वजन. गदा एकच असते म्हणून तिला मान. दोन गदा झाल्या की 'कोणती केसरी?' असा प्रश्न आयुष्यभर मागे लागतो.

दुसरं, कागदाची किंमत. कोणत्या गटाच्या स्पर्धेतलं प्रमाणपत्र नोकरीला चालेल, हे त्या पैलवानाला आखाड्यात उतरताना ठाऊक नसतं. न्यायालयाचा निकाल येईपर्यंत त्याचं भरतीचं वय निघून जातं.

तिसरं, तालमीतली माणसं. वस्ताद एका गटाचा, जिल्हा संघटना दुसऱ्या गटाची, असं झालं की मुलगा चांगला असूनही निवड चाचणीला बोलावणं येत नाही. शहरातला पैलवान दोन्ही दारं ठोठावू शकतो. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातल्या पोराकडे तेवढी ओळखही नसते आणि तेवढं एसटीचं भाडंही नसतं.

तक्रार कुणाकडे करायची?

हस्तक्षेपाचा सर्वांत खोल घाव इथे बसतो. चावी ज्याच्या हाती, त्याच्याविरुद्धच तक्रार असेल तर?

१८ जानेवारी २०२३ ला विनेश फोगाट, साक्षी मलिक, बजरंग पुनिया हे ऑलिम्पिक आणि जागतिक पदकं जिंकलेले मल्ल दिल्लीत जंतरमंतरवर बसले. भारतीय कुस्ती महासंघाचे अध्यक्ष आणि भाजपचे तेव्हाचे खासदार ब्रिजभूषण शरण सिंह यांच्यावर महिला मल्लांच्या लैंगिक छळाचे आरोप होते. सिंह यांनी ते फेटाळले आणि प्रकरण न्यायालयात गेलं. खरंखोटं न्यायालय ठरवेल. पण ज्या महासंघाकडे तक्रार करायची, त्याचाच अध्यक्ष आरोपी. मग न्याय मागायला मुलींना रस्त्यावर बसावं लागलं, एवढ्यावरूनच रचना कुठे मोडली आहे हे कळतं. पुढे विनेश काँग्रेसच्या आमदार झाल्या, बजरंग त्याच पक्षात गेले. खेळाडूंचा प्रश्न पक्षांच्या पटावर गेला की त्याचं मूळ मागे पडतं आणि माणसं फक्त 'आपला की त्यांचा' एवढंच विचारू लागतात.

दरम्यान महासंघाची निवडणूक वेळेत झाली नाही आणि ऑगस्ट २०२३ मध्ये जागतिक कुस्ती संघटनेने भारताला निलंबित केलं. सप्टेंबरमध्ये बेलग्रेडच्या जागतिक स्पर्धेत १९ वर्षांच्या अंतिम पंघालने कांस्यपदक आणि पॅरिस ऑलिम्पिकचं तिकीट मिळवलं, तेही तिरंग्याविना.

पण मोठी नावं तरीही खेळली. ज्यांची नावं कुणालाच ठाऊक नाहीत त्यांचं काय झालं? डिसेंबर २०२३ मध्ये निवडणूक झाल्यावर नव्या समितीने वर्ष संपण्याआधी १५ आणि २० वर्षांखालील राष्ट्रीय स्पर्धा घाईघाईने जाहीर केल्या. घाईचं कारण सांगितलं गेलं ते असं की, वर्ष उलटलं की हजारो मुलं वयोगटाबाहेर जातात. नियमानुसार पूर्वसूचना दिली नाही म्हणून क्रीडा मंत्रालयाने ती समितीच निलंबित केली. दोन्ही बाजूंकडे आपापलं कारण होतं. पण पंधराव्या वर्षी हुकलेली पंधरा वर्षांखालची स्पर्धा सोळाव्या वर्षी खेळता येत नाही. पदाधिकाऱ्याची मुदत वाढते, खेळाडूचं वय परत येत नाही.

देशादेशांचं राजकारण

हस्तक्षेपाचा आणखी एक प्रकार आहे. इथे चावी संघटनेच्या नाही, तर थेट देशाच्या राजकारणाच्या हाती असते. १९७४ मध्ये भारत डेव्हिस कप टेनिसच्या अंतिम फेरीत पोहोचला होता. समोर दक्षिण आफ्रिका. तिथे काळ्या माणसांना गुलामासारखं वागवणारी वर्णभेदाची राजवट होती, म्हणून भारत सरकारने खेळायला नकार दिला आणि चषक सोडला. अमृतराज बंधूंच्या हातची संधी गेली, पण त्या त्यागामागे एक तत्त्व उभं होतं आणि जगाने पुढे तेच मान्य केलं.

अफगाणिस्तानात सोव्हिएत सैन्य घुसलं म्हणून १९८० मध्ये अमेरिका आणि तिच्यासोबत अनेक देशांनी मॉस्को ऑलिम्पिकवर बहिष्कार टाकला. चार वर्षांनी सोव्हिएत संघाने लॉस एंजेलिसवर बहिष्कार टाकून परतफेड केली. दोन्ही वेळा सैन्य जिथल्या तिथे राहिलं. घरी बसले ते खेळाडू.

आपल्या घरचंही उदाहरण आहे. ऑक्टोबर १९९१ मध्ये शिवसैनिकांनी वानखेडेची खेळपट्टी खणली आणि पाकिस्तानचा दौरा रद्द झाला. फेब्रुवारी २०१९ मध्ये पुलवामाच्या हल्ल्यानंतर दिल्लीच्या नेमबाजी विश्वचषकासाठी पाकिस्तानी नेमबाजांना व्हिसा मिळाला नाही. देशाचा संताप रास्त होता. पण आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने ते नेमबाज उतरणार होते त्या प्रकारातल्या ऑलिम्पिकच्या जागा काढून घेतल्या आणि भारताला नव्या स्पर्धा देण्याची चर्चाच थांबवली. सरकारने लेखी हमी दिल्यावर जूनमध्ये ती पुन्हा सुरू झाली. असा निर्णय देशाने घेऊच नये असं नाही. पण घेताना त्याची किंमत कोण मोजणार आहे, हे आधी मोजावं आणि त्या खेळाडूला वाऱ्यावर सोडू नये.

दुरुस्ती कुठे सुरू आहे?

प्रयत्न झाले आहेत. २०११ मध्ये केंद्राने राष्ट्रीय क्रीडा संहिता आणली. पदाधिकाऱ्यांचं वय आणि मुदत यांवर मर्यादा घातल्या. जुलै २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेटच्या कारभारासाठी नेमलेल्या लोढा समितीच्या शिफारशी मान्य केल्या आणि मंत्र्यांना क्रिकेट मंडळाच्या पदांवरून दूर ठेवलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये कबड्डीच्या महिला संघाला आशियाई स्पर्धेला जाता यावं म्हणून न्यायालयानेच प्रशासकाला कारभार निवडून आलेल्या समितीकडे सोपवायला सांगितलं. मुली इराणला गेल्या आणि सुवर्ण घेऊन आल्या. अडथळा मैदानात नव्हता, याचा याहून मोठा पुरावा कोणता?

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा मंजूर केला. महासंघांना मान्यता देणारं राष्ट्रीय क्रीडा मंडळ, वाद ऐकणारं स्वतंत्र क्रीडा न्यायाधिकरण आणि निवडणुकांवर देखरेख करणारं पॅनेल त्यात आहे. महासंघाच्या कार्यकारिणीत किमान दोन नामवंत खेळाडू आणि चार महिला असाव्यात, अशी तरतूद आहे. वाद लवकर मिटावेत आणि खेळाडूचा आवाज आत पोहोचावा, या दृष्टीने हे पाऊल चांगलं आहे. पण मंडळाच्या नेमणुका केंद्र सरकारच करणार. एका पुढाऱ्याच्या हातची चावी सरकारच्या हातात जाऊन भागणार नाही. ती नियमांच्या हातात राहिली, तरच कायद्याचा हेतू साधेल.

चौकट: थोडक्यात

• एका खेळाला एकच राष्ट्रीय महासंघ असतो. खेळाडूचा जगाकडे जाणारा रस्ता त्याच्यामधूनच जातो.

• महासंघाच्या निवडणुकीत मत खेळाडूचं नसतं, पदाधिकाऱ्याचं असतं. म्हणून सत्ता आणि साधनं असलेला नेता सहज निवडून येतो.

• निवडणूक लांबली किंवा दोन गट पडले की न्यायालय आणि प्रशासक येतात, त्यावर आंतरराष्ट्रीय निलंबन येतं.

• निलंबनात झेंडा जातो, स्पर्धा जातात, आणि लहान वयोगटातल्या मुलांचं अख्खं वर्ष जातं.

• सरकारने जागा, पैसा, प्रशिक्षक द्यावेत. निवड, पंच आणि तक्रार यांत हात घालू नये.

आपण काय करायचं?

दिल्ली लांब आहे असं म्हणून गप्प बसू नका. पाइपचं आपल्याकडचं टोक जिल्ह्यात आहे. मुलाला किंवा मुलीला स्पर्धेला पाठवण्याआधी तीन प्रश्न विचारा. ही स्पर्धा कोणत्या संघटनेची, आणि तिला राज्याची व राष्ट्रीय महासंघाची मान्यता आहे का? निवड चाचणीची तारीख, गुण आणि निकाल जाहीर होतात का? जिल्हा संघटनेची शेवटची निवडणूक कधी झाली आणि तिच्या समितीत खेळाडू किती आहेत? उत्तर तोंडी मिळालं तर लेखी मागा. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात चौकशी करा. शाळेतल्या क्रीडा शिक्षकांनी प्रमाणपत्रासोबत निकालपत्रकाची प्रतही जपून ठेवायला मुलांना शिकवावं. पडताळणीच्या वेळी तीच कामी येते.

आणि पुढाऱ्यांना एक विनंती. मत मागायला गावात याल तेव्हा खेळाडूसोबत फोटो जरूर काढा, त्याच्या पाठीवर थाप मारा. मैदान द्या, मॅट द्या, पाण्याची टाकी द्या, त्याच्या प्रवासाचा खर्च द्या. फक्त संघटनेची खुर्ची खेळाडूसाठी रिकामी ठेवा. बुलढाण्याच्या पोराने जगज्जेत्याला एका गुणाने हरवून दाखवलंय. संग्रामपूरच्या रस्त्यावर आज पहाटे जे धावले, त्यांना तुमच्याकडून एवढंच हवंय की त्यांच्या वाटेतला व्हॉल्व्ह कुणी बंद करू नये.